जीआरई व्हर्बल: अधिकृत पुस्तकं आणि पॉवरप्रेप काही महिने वापरल्यानंतर

आधी स्वतःबद्दल थोडं, म्हणजे माझा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे की नाही ते तुम्हालाच ठरवता येईल. शाळा सांगली जिल्ह्यात, सेमी-इंग्रजी. मग पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग आणि नोकरी. अमेरिकेत नगररचनेत मास्टर्स करायचं ठरवलं आणि तिथल्या प्रवेशासाठीच्या जीआरई या परीक्षेचा विषय निघाला (तिच्यात क्वांट म्हणजे गणित, व्हर्बल म्हणजे इंग्रजी वाचन आणि शब्द), तेव्हा कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी एका वाक्यात निकाल लावला: "क्वांटला १६८ आण, व्हर्बल कोण बघतंय?" त्यांच्यापुरतं ते खरंही असेल. नगररचना, सार्वजनिक धोरण, समाजशास्त्र, इतिहास या विषयांत मात्र पहिल्या आठवड्यापासून वाचनाचा ढीग अंगावर येतो, आणि हा विद्यार्थी तो उपसू शकेल का, हे विभागाला व्हर्बलवरून थोडंफार कळतं. २०२०नंतर बऱ्याच विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली. माझ्या यादीतले काही विभाग अजून मागत होते, म्हणून दिली.

वापरलं ते असं: ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेचं ऑफिशियल गाइड, त्यांचंच व्हर्बलचं १५० प्रश्नांचं वेगळं सराव पुस्तक, पॉवरप्रेप या त्यांच्याच संगणकावरच्या सरावाच्या दोन मोफत चाचण्या, पॉवरप्रेप प्लसची एक विकतची चाचणी, आणि फोनवरचं एक खाजगी कंपनीचं ॲप, ज्याचं नाव घेत नाही. क्लास लावला नाही.

परीक्षेचं सध्याचं रूप ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. सप्टेंबर २०२३पासून जीआरई १ तास ५८ मिनिटांची झाली. व्हर्बलचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्न, १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न, २३ मिनिटं. गुण १३० ते १७०. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवर, बाकीचे टेक्स्ट कम्प्लीशन आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स, म्हणजे गाळलेल्या जागांचे. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या २०११मध्येच गेल्या. तरी कुणाच्या तरी दादाने वापरलेली शब्दांची चोपडी अजून हातोहात फिरते आणि व्हर्बल म्हणजे पाठांतर, हा समज तिच्याबरोबर फिरत राहतो.

माझं मत वेगळं झालं आहे. ही परीक्षा आपल्याला जड जाते ती इंग्रजीमुळे कमी, आणि उतारा सोडवण्याच्या आपल्या शाळकरी सवयीमुळे जास्त. 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' हा आपल्याकडे हक्काच्या गुणांचा प्रश्न. रीत ठरलेली: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं, शेपूट थोडं बदलून उतरवायचं. उतारा कशाबद्दल होता ते न कळताही पैकीच्या पैकी. जीआरईचा सापळा नेमका या सवयीसाठी लावल्यासारखा आहे. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे दिसणारा पर्याय पुष्कळदा चुकीचा असतो. बरोबर पर्यायात उताऱ्यातला ओळखीचा शब्द एखादाच सापडतो, म्हणणं मात्र पुरेपूर तेच असतं.

मी रचलेला एक नमुना देतो. समजा उताऱ्यात एवढंच आहे: 'मधमाश्यांची संख्या घटण्यामागे कीटकनाशकं आहेत, असं अनेक अभ्यासक मानतात. परंतु ज्या प्रदेशात कीटकनाशकं फारशी वापरली जात नाहीत, तिथेही जवळपास तेवढीच घट दिसते.' लेखकाला काय सुचवायचं आहे? पहिला पर्याय: कीटकनाशकांमुळे मधमाश्यांना अपाय होत नाही. दुसरा: या घटीमागे आणखीही काही कारणं असू शकतात. पहिल्यात 'कीटकनाशकं' आहे, 'मधमाश्या' आहेत, सूरही ठाम आहे, त्यामुळे हात तिकडे जातो. पण अपाय होत नाही असं लेखक कुठे म्हणाला? त्याने फक्त एका स्पष्टीकरणाला मर्यादा घातली. उत्तर दुसरं. खऱ्या परीक्षेत हेच पाच पर्यायांत, लांबलचक वाक्यांत आणि दीड मिनिटात करायचं असतं.

ओळखीच्या विषयावरचा उतारा तर जास्तच धोक्याचा. भूजल, धरणं, शहरांची वाढ यांवर काही आलं की माझ्यातला इंजिनिअर मध्ये बोलायला लागतो. परीक्षेला बाहेरचं ज्ञान नको असतं, आणि एखादा पर्याय वस्तुस्थिती म्हणून खरा असला तरी उताऱ्यात आधार नसेल तर चूकच धरला जातो. मध्ययुगीन संगीतावरचा उतारा त्या मानाने सुखाचा. आपल्याला काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे मुकाट्याने लेखक सांगेल तेवढंच ऐकतो.

आता साहित्याकडे. अधिकृत प्रश्नांची खरी किंमत चुकीच्या पर्यायांत आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा, ते उताऱ्यातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून दाखवता येतं. म्हणून मी वही घातली. बरोबर उत्तराकडे फार वेळ न घालवता बाकीच्या चार पर्यायांवर शेरे मारायचे: 'जास्तच बोलला', 'उताऱ्यात नाही', 'उलटं केलं', 'दुसऱ्याचं मत लेखकाच्या तोंडी घातलं'. हा शेवटचा शेरा माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आहे. या उताऱ्यांचा ढाचा बऱ्याचदा असा असतो: आधी प्रचलित मत, मग त्यावर कुणाचा आक्षेप, मग त्या आक्षेपाबद्दल लेखकाची अर्धवट सहमती. तीन माणसं बोलत असतात आणि प्रश्न एकाबद्दलच असतो. कोण कुठे बोलायला लागलं आणि कुठे थांबलं, एवढं डोक्यात पक्कं असेल तर निम्मं काम झालं.

दीडशे प्रश्न कमी वाटतात. पण असे शेरे मारत गेलात तर एक संध्याकाळ पाच-सहा प्रश्नांत संपते आणि पुस्तक महिनोन्‌महिने पुरतं. घाईघाईत उडवलंत तर पंधरवड्यात संपेल आणि हाती काही लागणार नाही. पुस्तक जुनं घेत असाल, आप्पा बळवंत चौकात किंवा सीनिअरकडून, तर प्रश्न बिनधास्त वापरा. उतारे जुने होत नाहीत. वेळेचं गणित मात्र आजचंच धरा. सप्टेंबर २०२३च्या आधी संगणकावरच्या परीक्षेत प्रत्येक भागात २० प्रश्न आणि ३० मिनिटं होती.

पुस्तकातून एक गोष्ट मिळूच शकत नाही, ती म्हणजे संगणकाचा पडदा. कागदावर आपण पेन्सिलीने रेघा ओढतो, समासात बाण काढतो. परीक्षेत उतारा एका बाजूला, प्रश्न दुसऱ्या बाजूला, आणि रेघ मारायची सोय नाही. घरून परीक्षा देणाऱ्यांना तर साधा कागदही चालत नाही, पुसता येणारा पांढरा फलक लागतो. म्हणून निम्मा सराव झाल्यावर पेन्सिल ठेवून द्या. पॉवरप्रेपचा पडदा खऱ्या परीक्षेसारखाच आहे. प्रश्नाला खूण करून पुढे जाणं, त्याच भागात मागे येणं, उताऱ्यातल्या वाक्यावर क्लिक करून उत्तर देणं, हे सगळं तिथे अंगवळणी पडतं, आणि दुसरा भाग पहिल्यावर अवलंबून बदलतो हेही तिथेच अनुभवता येतं. मोफत चाचणी पुन्हा देता येते, पण प्रश्न तेच येतात, म्हणजे दुसऱ्यांदा मिळालेल्या गुणांना अर्थ नाही. एक अगदी सुरुवातीला द्या, दुसरी इतक्यात शिवू नका.

त्या ॲपबद्दल: शब्द बरे होते, उतारे वाईट. दोन पर्याय सारखेच बरोबर वाटायचे आणि खालचं स्पष्टीकरण वाचूनही भांडण मिटायचं नाही. अशा प्रश्नांवर महिनाभर सराव झाला की 'शेवटी सगळं अंदाजाचंच आहे' अशी वृत्ती तयार होते, आणि ती घालवायला आणखी महिना जातो. उताऱ्यांसाठी बाहेरचं काही हवंच असेल तर अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे, एलसॅटचे, जुने पेपर घ्या. उतारे लांब आणि चिवट असतात, त्यानंतर जीआरईचे आटोपशीर वाटतात.

शब्दांचं काय? लागतात. गाळलेल्या जागांमध्ये शब्दच अडला तर तर्क कितीही चांगला असो, काही चालत नाही. दोन-तीन जागा असलेल्या प्रश्नात एक चुकली तरी पूर्ण प्रश्न गेला, अर्धे गुण नाहीत. पण तिथेही आधी वाक्याचा कल ओळखायचा, जागेत साधारण काय यायला हवं ते मनात मराठीत म्हणायचं, मगच पर्यायांकडे बघायचं. मराठीत म्हटल्याने वेळ जातो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझा गेला नाही, उलट पर्यायांच्या गोंगाटात शिरण्याआधी डोकं जागेवर राहिलं. उताऱ्यांत मात्र यादीतल्या शब्दांचा उपयोग फार थोडा.

वाचनाची सवय लावायला सगळे द इकॉनॉमिस्ट आणि सायंटिफिक अमेरिकन सांगतात, तेही वाचलं. पण सुरुवात मी लोकसत्ताच्या अग्रलेखांपासून केली, आणि याबद्दल माझी यथेच्छ थट्टा झाली. अग्रलेखात विरोधकाचं म्हणणं आधी मांडलेलं असतं, मग 'हे मान्य केले तरी' अशी कलाटणी, मग खरा मुद्दा, मध्येच उपरोध. प्रत्येक परिच्छेद इथे कशासाठी आला, एवढंच समासात लिहायचं. ही नजर आपल्या भाषेत लवकर बसते. बसल्यावर इंग्रजीत नेणं अवघड नाही. आधी इंग्रजीतच करायला गेलं की निम्मी ताकद वाक्य उलगडण्यातच खर्च होते.

वेळेबाबत मला जमलेला क्रम: गाळलेल्या जागा आधी, छोटे उतारे मग, लांब उतारा शेवटी. 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रकारात तीन पर्याय असतात. प्रत्येकाला स्वतंत्रपणे हो-नाही म्हणायचं, एकमेकांशी तुलना करायची नाही. चुकीला उणे गुण नाहीत, तेव्हा कोरं काही सोडू नका.

सुरुवातीच्या चाचणीत व्हर्बलला १४९ होते, परीक्षेत १६१ आले. क्वांटवाल्यांना हा आकडा मामुली वाटतो, कारण त्यांच्याकडे १६० म्हणजे जेमतेम मध्यावर. व्हर्बलमध्ये १६०च्या पुढे गेलं की पाचातल्या चौघांच्या पुढे असता.

ज्यांना अर्जासाठी फक्त एक आकडा हवा आहे आणि विभाग व्हर्बल बघत नाही, त्यांनी दोन मोफत चाचण्या आणि गाइड एवढ्यावर भागवावं. माझ्यासारख्या विषयांना जाणाऱ्यांनी व्हर्बलचं वेगळं पुस्तक जरूर घ्यावं. पॉवरप्रेप प्लस एक पुरे, आणि तीही परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात. दुसरी मोफत चाचणी शक्यतो राखून ठेवा: गुण मनासारखे आले नाहीत तर २१ दिवसांनी पुन्हा बसता येतं, बारा महिन्यांत पाच वेळांपर्यंत, आणि तेव्हा न पाहिलेली एक तरी चाचणी हाताशी लागते.