स्लाउ ते ब्रुज एका दिवसात: कोचला तीन तारे, डोव्हरच्या रांगेचा हिशेब वेगळा

ज्यांना फक्त तिकीट काढायचं की नाही एवढंच हवंय, त्यांच्यासाठी आधी निकाल. गाडी आरामशीर, ड्रायव्हर एक नंबर, फेरीबोट वेळेवर, बेल्जियममधलं ब्रुज बघण्यासारखं, आणि कंपनीच्या ऑफिसचा कारभार रामभरोसे. पाचपैकी तीन तारे. कंपनीचं नाव घालत नाही. नाताळ-बाजारांच्या दिवसांत अशा सहली बऱ्याच निघतात आणि डोव्हर बंदरात सगळ्यांना त्याच पासपोर्ट-तपासणीतून जावं लागतं. त्या तपासणीचे तारे मी कंपनीच्या खात्यातून कापलेले नाहीत. तिची आजची तऱ्हा ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे आहे; त्यावर या देशाने २३ जून २०१६ ला मतदान केलंय, आणि आमच्या घरात त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, थोरले दीर आणि जाऊबाई. तिघांकडे ब्रिटिश पासपोर्ट, माझ्याकडे भारतीय. मला इथे कायम राहायची परवानगी आहे, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि तो पासपोर्ट सोडायला माझं मन होत नाही. त्याची किंमत अशी: सहलीचं तिकीट ७५ पौंड, शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) फी ९० युरो, व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे, शिवाय बँक स्टेटमेंटं आणि ३०,००० युरोचा प्रवासविमा. कशासाठी, तर ब्रुजला जाऊन एक वॉफल खायला. भाऊजींना हे ऐकून दरवेळी गुदगुल्या होतात. "तू उगाच रिमेनला (युनियनमध्येच राहण्याला) मत दिलंस," म्हणतात, "तेव्हाही ते तुझ्याकडून व्हिसा मागतच होते."

हे काही खोटं नाही. आणि हो, भारतीय पासपोर्टवर मी त्या सार्वमतात मत दिलं. राष्ट्रकुलातला माणूस इथे रीतसर राहत असेल तर त्याला मत होतं. माझ्या शेजारची पोलिश बाई माझ्या कितीतरी आधीपासून इथे कर भरत होती, तिला नव्हतं. युरोपियनांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाल्यांना तेवढं होतं.

भाऊजींनी लीव्हला, म्हणजे बाहेर पडण्याला दिलं. लंडनजवळच्या आमच्या स्लाउमध्ये ५४ टक्के मतं लीव्हला पडली, आणि स्लाउ किती आशियाई आहे ते इथे येऊन गेलेल्यांना सांगायला नको. लीव्ह म्हणजे खेड्यातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचं मत, हे टीव्हीवरचं समीकरण आमच्या गल्लीत लागू पडत नाही. भाऊजींचं म्हणणं साधं होतं: रुमेनियाचा पोरगा तिकीट काढून येतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा इंजिनियर असून व्हिसासाठी खेटे घालतो. सगळ्यांना एकच चाळणी लावा. लीव्हचा प्रचार करणाऱ्या मंत्री प्रीती पटेल तेव्हा नेमकं हेच सांगत फिरत होत्या, की युरोपातून बाहेर पडलो तर करी हाउसवाल्यांना उपखंडातून आचारी आणता येतील. मला तो युक्तिवाद पटला नव्हता, पण तो वेडगळ होता असं मी आजही म्हणणार नाही.

आता सहल. पहाटे साडेचारला गाडी निघाली. सीटमधलं अंतर पुरेसं, हीटर चालू, मागचं स्वच्छतागृह स्वच्छ (हे मी मुद्दाम लिहिते, कारण कोचच्या परीक्षणात बायका आधी तेच शोधतात). ड्रायव्हर केंटचा, साठीकडे झुकलेला, बोलायला मोकळा. एम-२० वर त्याने हाताने दाखवलं, इथे लॉऱ्यांच्या रांगा लागतात, बंदर तुंबलं की पोलीस ही बाजू लॉऱ्यांना देऊन टाकतात. त्याला 'ऑपरेशन ब्रॉक' म्हणतात. ॲशफर्डजवळ सेव्हिंग्टनला लॉऱ्यांचा प्रचंड तळ आहे, ब्रेक्झिटनंतरच्या तपासणीसाठी बांधलेला. ड्रायव्हरने २०१६ ला काय मत दिलं ते मी विचारलं नाही. डोव्हर जिल्ह्यात ६२ टक्के लीव्ह होतं, तेव्हा अंदाज बांधता येतो.

डोव्हरला कोचसाठी बंदराच्या पश्चिम बाजूला वेगळी जागा केली आहे. तिथे सगळ्यांना उतरवतात. युरोपची नवी नोंदणी (बाहेरच्या प्रवाशांचे फोटो आणि बोटांचे ठसे यंत्रावर घेणारी) १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली आणि डोव्हरला तिची सुरुवात कोच आणि लॉऱ्यांपासून झाली. तपासणारे पोलीस फ्रेंच. इंग्लंडच्या जमिनीवर, इंग्लंडच्या छपराखाली फ्रेंच गणवेश. बऱ्याच जणांना वाटतं हे ब्रेक्झिटमुळे आलं. तसं नाही, ही व्यवस्था २००३ च्या ल तुके कराराची आहे: फ्रेंच डोव्हरला तपासतात, ब्रिटिश कॅलेला. आणि ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हतं, म्हणजे पासपोर्ट आधीही दाखवावा लागायचा. फरक इतकाच की तेव्हा नवऱ्याच्या पासपोर्टाकडे नुसतं बघून 'जा' म्हणायचे. आता १८० दिवसांत ९० दिवस, त्याची मोजणी, आणि ती मोजायला हे यंत्र.

यंत्रापाशी जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. आधी पासपोर्ट पालथा ठेवायचा, मग कॅमेऱ्यात बघायचं, मग उजव्या हाताची चार बोटं काचेवर. नवऱ्याचं झालं. जाऊबाईंचे ठसे उमटेनात. आयुष्यभर घासलेल्या भांड्यांनी बोटांच्या रेषाच राहिलेल्या नाहीत. हात पुसला, चोळला, पुन्हा ठेवला; पडद्यावर लाल फुली. शेवटी एका फ्रेंच पोलीसबाईंनी त्यांचं मनगट धरून बोटं हळूच दाबली, जशी आपण लहान मुलाची पाटीवर दाबतो, तेव्हा कुठे हिरवं झालं. माझी पाळी आली तर मला फक्त फोटो. माझे ठसे व्हिसा काढतानाच त्यांच्याकडे जमा आहेत, नव्याने घ्यायची गरज नाही. म्हणजे निळा पासपोर्टवाले भाऊजी बोटं उमटवत उभे, आणि मी भारतीय पासपोर्ट घेऊन पलीकडे जाऊन त्यांची वाट बघतेय. हा आनंद क्षुद्र आहे, मला मान्य आहे, पण ७५ पौंडांतला थोडा वसूल तिथेच झाला.

(त्या निळ्या पासपोर्टचं एक सांगू का? बरगंडी रंग जाऊन निळा आला, तो स्वातंत्र्याचा रंग म्हणून मिरवला गेला. छपाईचं कंत्राट फ्रेंच कंपनीला गेलं आणि पुस्तिका तयार झाल्या पोलंडमध्ये. भाऊजींसमोर हे काढायचं नाही असा घरात नियम आहे.)

सगळं उरकायला दीडेक तास गेला. पासपोर्टवर शिक्काही मारला, यंत्रात नोंद झाली असूनही. आणि इथेच कंपनीचे दोन तारे गेले. आमच्या गाडीत दोन विद्यार्थी होते, भारतीय पासपोर्ट, ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा. त्यांना वाटलं ब्रिटनचा व्हिसा आहे म्हणजे युरोपला चालेल. नाही चालत. दोघांना तिथूनच परत पाठवलं. कंपनीने बुकिंग करताना पासपोर्ट कुठल्या देशाचा हे विचारलेलंच नव्हतं. ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात 'प्रवासाची कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी' एवढं वाक्य. ब्रिटिश पासपोर्टलाही आता अटी आहेत, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी, तेही कुठे लिहिलेलं नाही. नियम कडक झालेत हे सगळ्या जगाला माहीत असताना तिकीट विकणाऱ्याने कानावर हात ठेवायचे? पोरांचं दिवसभराचं तिकीट गेलंच, डोव्हर ते लंडन रेल्वेचे पैसे पदरचे.

गाडीत मग वाद पेटला, आणि आमच्याच सीटवरून. नवरा म्हणाला, "घ्या, हाच तुमचा टेक बॅक कंट्रोल." (ताबा परत घ्या, ही लीव्हवाल्यांची घोषणा.) भाऊजी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे की. आपण आपलं दार बंद केलं, त्यांनी त्यांचं केलं. माझी काही तक्रार नाही." हे मला त्यांचं आवडतं. रांगेत उभं राहून कुरकुरणारे लीव्हवाले मी पाहिलेत, भाऊजी त्यातले नव्हेत. माझं म्हणणं एवढंच, की २०१६ च्या एकाही सभेत हद्दीला दुसरी बाजू असते आणि तिकडेही कोणीतरी रजिस्टर घेऊन बसलेला असतो, हे कोणी ठळकपणे सांगितलं नाही. सगळी भाषा आत कोण येणार याची होती. आपण बाहेर जाताना काय, यावर 'काही बदलणार नाही' असा सूर.

आणि आत येण्याचं तरी काय झालं? भाऊजींना हवी होती ती एकच चाळणी १ जानेवारी २०२१ ला लागली. त्यांचा भाचा २०२२ मध्ये आला, पगार अटीत बसला. त्याच सुमारास निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांच्या पुढे गेलं, सार्वमताच्या वेळच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यात भारतीय सगळ्यात पुढे. ज्यांनी माणसं कमी व्हावीत म्हणून लीव्हला मत दिलं ते साहजिकच खवळले. मग अटी आवळल्या: कुशल कामगाराच्या व्हिसाला किमान पगार २०२१ मध्ये २५,६०० पौंड होता, जुलै २०२५ पासून ४१,७०० झाला. केअर वर्करना मार्च २०२४ पासून बायको-मुलं आणता येत नाहीत. कायम राहण्याची परवानगी पाचऐवजी दहा वर्षांनी द्यावी, असा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये मांडला, आणि भाचा आता त्या बातम्या बघत झोपतो. भाऊजी म्हणतात धोरण बरोबर होतं, राबवलं चुकीचं. नवरा म्हणतो एकाच पेटीत परस्परविरोधी इच्छा टाकल्या होत्या, कोणीतरी फसणारच होतं. या बाबतीत मी नवऱ्याच्या बाजूने आहे, जे क्वचित घडतं.

फेरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दीड तासाचा प्रवास, स्वच्छ डेक, चहा महाग आणि पाणचट. खाण्याची मात्र सूचना: दूध आणि मांसाचे पदार्थ ग्रेट ब्रिटनमधून युरोपात नेता येत नाहीत. जाऊबाईंनी डबाभर दहीभात आणला होता. तो आम्ही डेकवर, वाऱ्यात, कॅलेच्या आधी संपवला. डाळिंबाचे दाणे घातले होते. शेजारच्या इंग्लिश बाईंनी विचारलं म्हणून त्यांनाही दिला.

याच पाण्यातून बिनपरवानगी येणाऱ्यांच्या रबरी होड्या येतात. २०१८ मध्ये वर्षभरात ३०० च्या आत माणसं आली होती, २०२२ मध्ये ४५,००० च्या वर. युरोपात असताना डब्लिन नियमाखाली (आश्रयाचा अर्ज कुठल्या देशाने बघायचा ते ठरवणारा युरोपचा नियम) काही जणांना परत पाठवण्याची मागणी तरी करता यायची. बाहेर पडल्यावर तो रस्ता गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सशी 'एक परत, एक आत' असा नवा करार करावा लागला. डेकवर यावर बोलताना भाऊजींचाही आवाज खाली आला होता.

ब्रुजला तीन तास मिळायला हवे होते, सव्वादोन मिळाले. ड्रायव्हरचा दोष नाही. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबणं त्याला सक्तीचं आहे, आणि दिवसाच्या कामाच्या तासांना मर्यादा आहे. डोव्हरला गेलेला वेळ शेवटी प्रवाशाच्याच वाट्यातून जातो. कंपनीने वेळापत्रक जुन्या काळाचंच ठेवलंय, ते बदलायला हवं. बाजार छान, गर्दी बेसुमार, वॉफल गरम.

येताना चीज घेऊ नका. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून दूध-मांसाचे पदार्थ स्वतःपुरतेही आणायला बंदी आहे, लाळ्या-खुरकूत रोगामुळे. चॉकलेट चालतं. वाइन माणशी १८ लिटरपर्यंत करमुक्त, हे भाऊजींना तोंडपाठ होतं. कॅलेला ब्रिटिश तपासणीत माझा पासपोर्ट स्कॅन झाला आणि मिनिटभरात सुटले.

मी कंपनीला त्या विद्यार्थ्यांबद्दल लिहिलं. उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, पुढच्या सहलीवर १० पौंड सवलत. मी परत लिहिलंय की सवलत नको, बुकिंगच्या फॉर्ममध्ये पासपोर्ट कुठल्या देशाचा हा एक रकाना घाला आणि त्या दोघांचे पैसे परत करा. तसं झालं तर चौथा तारा मी स्वतः येऊन लावेन.