कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम: हृदयरुग्णासाठी कितपत उपयोगी?

वडिलांच्या अँजिओप्लास्टीनंतर हृदयरोगतज्ज्ञांनी इतर औषधांसोबत कोल्चिसिनची रोज एक गोळी लिहून दिली, तेव्हा गाऊटचे (सांधे सुजून दुखण्याच्या एका आजाराचे) औषध हृदयाला कशासाठी, असा प्रश्न मला पडला. आठ महिन्यांचा अनुभव आणि दरम्यान केलेले वाचन यांवरून हे परीक्षण लिहीत आहे.

अँजिओप्लास्टीत फुग्याने धमनी रुंद करताना तिच्या अस्तराला इजा होते. तिथे दाह सुरू होतो, आणि मधल्या थरातील अरेखित स्नायुपेशी आत सरकून भराभर वाढू लागल्या की मोकळी झालेली वाट पुन्हा अरुंद होते. कोल्चिसिन ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून पेशीतील सूक्ष्मनलिका बनू देत नाही, आणि या नलिकांवाचून पेशीला ना नीट सरकता येते, ना विभाजन पूर्ण करता येते. तत्त्व पक्के आहे. रुग्णांवरील निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. १९९२ च्या अमेरिकी चाचणीत फुग्याच्या अँजिओप्लास्टीनंतर काहीच लाभ दिसला नाही, तर २०१३ च्या ग्रीक चाचणीत, औषधाचा लेप नसलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेल्या मधुमेही रुग्णांत, धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण ३३ ऐवजी १६ टक्के आढळले. आता बहुतेक स्टेंटवर पेशींची वाढ रोखणारे औषध आधीच असते, त्यामुळे केवळ त्यासाठी ही गोळी घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

तिचे मोल आहे ते धमन्यांतील दाह शमवण्यात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,५२२ स्थिर हृदयरुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ९.६ वरून ६.८ टक्क्यांवर आल्या. झटक्यानंतर लगेच गोळी सुरू केलेल्या ७,०६२ रुग्णांच्या २०२४ मधील चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही, म्हणून कोणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवावे.

वडिलांना पहिला आठवडा जुलाबांचा त्रास झाला, नंतर तो थांबला. गोळी स्वस्त आहे, पण उपयुक्त आणि घातक मात्रेत अंतर फार थोडे आहे. आपल्याकडील कळलावीच्या कंदातले विष म्हणजे हेच कोल्चिसिन. मूत्रपिंड कमजोर असेल तर विशेष जपावे लागते. खोकल्यासाठी वडिलांना क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळाले होते, ज्यामुळे शरीरातील कोल्चिसिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. आमच्या औषध दुकानदाराने चिठ्ठी पाहताच ते देण्याचे थांबवले आणि डॉक्टरांना फोन करून दुसरे प्रतिजैविक लिहून घेतले.