आयफोन १६ की १६ई: फरक मोडेमचा

दोन्हींत ए१८ चिप आणि ८ जीबी रॅम. १६ईमध्ये जीपीयूचा (चिपमधला चित्रे हाताळणारा भाग) एक कोर कमी, पाचऐवजी चार. जड गेम खेळत नसाल तर तो जाणवणार नाही. खरा फरक मोडेममध्ये, म्हणजे फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपमध्ये आहे. १६मध्ये क्वालकॉमचा मोडेम आहे, तर १६ईमध्ये अ‍ॅपलने स्वतः बनवलेला पहिला मोडेम, सी१.

सी१ला मिलीमीटर वेव्ह ५जी (कमी अंतराचे पण अतिवेगवान ५जी) चालत नाही. भारतात त्याची चिंता नको, इथल्या आयफोन १६लाही ते नाही. सी१ वीज कमी खातो आणि १६ईची बॅटरीही मोठी आहे. म्हणूनच अ‍ॅपल व्हिडिओसाठी १६ला २२ तास देते, १६ईला २६.

घरात रेंज कमी असेल तर आधी सिग्नल मोजा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथला सिग्नलचा आकडा (डीबीएम) उणे ९०च्या आसपास असेल तर कुठलाही घ्या. उणे ११०च्या खाली गेला की मोडेम जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. तिथे मोडेमसाठी फोन बदलण्याआधी सिमची कंपनी बदलून पाहा. आपल्या भागात नव्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर फरक त्यानेच पडतो.

घरी वाय-फाय ७चा राउटर असेल किंवा मॅगसेफ (मागे चुंबकाने चिकटणारा चार्जर) हवे असेल तरच १६चे जास्तीचे पैसे मोजा.