डब्यातला चमचा चार ग्रॅमचा होता

साखरेऐवजी वापरायच्या 'नैसर्गिक' पावडरीच्या ज्या डब्याने आम्हाला फसवले त्यावर एकही वाक्य खोटे छापलेले नव्हते, हे आधीच सांगते. कारण तक्रार घेऊन गेल्यावर मला हेच ऐकवण्यात आले आणि तुमच्यावर तशी वेळ आली तर तुम्हालाही हेच ऐकवले जाईल.

आईला टाइप २ मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. चहा तिला गोडच हवा असतो, म्हणून डॉक्टरांना विचारून ती त्यात अ‍ॅस्पार्टेम या साखरेविना गोडी आणणाऱ्या कृत्रिम पदार्थाच्या गोळ्या घालत असे. दिवसाला चार कप आणि दर कपाला दोन गोळ्या. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बराच काळ ७.१ च्या आसपास टिकून होती. अशात ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. ते स्वतःला आरोग्य सल्लागार म्हणवत असत. टेबलावरची गोळ्यांची डबी त्यांनी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि आतून विंचू निघावा तशी चटकन खाली ठेवली. "ताई, तुम्ही आईंना रोज केमिकल पाजताय," ते म्हणाले. मग मोबाइलवरचे एक कात्रण दाखवले, ज्याचा मथळा असा होता की जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅस्पार्टेमला कर्करोगकारक ठरवले आहे. आपल्या हाताने आईला काहीतरी वाईट दिले जात आहे, या एका विचाराने माझी विचारशक्तीच थांबली, आणि त्यांच्या पिशवीत 'शंभर टक्के नैसर्गिक गोडवा' असे तोंडी सांगून विकायचा डबा तयारच होता.

त्या कात्रणात अर्धीच गोष्ट होती. जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अ‍ॅस्पार्टेमचा समावेश '२ ब' गटात, म्हणजे मर्यादित पुराव्यानुसार कदाचित कर्करोगकारक असू शकणाऱ्या पदार्थांत केला, हे खरे आहे. परंतु त्याच वेळी अन्नातील मिश्रकांची तपासणी करणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा बदलण्याचे कारण नाही असे सांगून ती वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशीच कायम ठेवली. आईचे वजन ६० किलो, म्हणजे तिची मर्यादा २,४०० मिलिग्रॅम. एका गोळीत साधारण १८ ते २० मिलिग्रॅम धरले तर आठ गोळ्यांचे दीडशेच्या आसपास होतात. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवे, आणि ती सूचना गोळ्यांच्या डबीवर ठळकपणे होती. जाता जाता एक गंमत: त्याच '२ ब' गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. त्या गृहस्थांच्या पिशवीत कोरफडीच्या रसाची बाटलीही होती, हे मला नंतर आठवले.

डबा देखणा होता. हिरवी पाने, मोठ्या अक्षरांत 'स्टीविया' (गोड पानांची एक वनस्पती), त्याखाली 'शून्य कॅलरी, शून्य साखर', आणि आत पांढरी, चमकदार, अगदी साखरेसारखी दिसणारी पावडर, सोबत एक छोटा प्लास्टिकचा चमचा. "साखर जितकी घालायचात तितकीच घाला, हिशोब नको," असे सांगितले गेले होते, त्यामुळे आईच्या दर कपात दोन चमचे जाऊ लागले. किंमत साखरेच्या कितीतरी पट होती, पण आरोग्यासाठी घेतलेल्या वस्तूची किंमत विचारायला आपल्यालाच संकोच वाटतो, आणि हा संकोच विकणाऱ्याला चांगला माहीत असतो.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.९ आले. डॉक्टरांनी आहार बदलला का, औषध चुकले का, चालणे बंद झाले का, असे सगळे विचारले. प्रत्येक उत्तर 'नाही' असेच होते, आणि पावडरीचा उल्लेख करावा असे मला सुचलेही नाही, कारण ती तर सुधारणा म्हणून आणली होती. आईने उगाचच स्वतःला दोष दिला आणि रात्रीचे जेवण निम्म्यावर आणले. त्या दिवसांचे मला आजही वाईट वाटते. पैशांचे तितके नाही.

उलगडा झाला तो आहारतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी घरात येणारे सगळे डबे घेऊन यायला सांगितले होते. त्यांनी डब्याच्या पुढच्या बाजूकडे पाहिलेही नाही. सरळ उलटा केला आणि तळाशी असलेली बारीक ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. 'घटक: माल्टोडेक्स्ट्रिन, गोडी आणणारे पदार्थ (९६०, ९५५).' घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे डब्यात सर्वांत जास्त होते ते माल्टोडेक्स्ट्रिन. हा पिष्टापासून बनवलेला पदार्थ आहे. शरीरात त्याचे झपाट्याने ग्लुकोज होते आणि रक्तातली साखर तो साध्या साखरेपेक्षाही वेगाने वाढवतो. ९६० हा स्टीवियाच्या अर्काचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. आणि ९५५? "सुक्रालोज," बाई म्हणाल्या. म्हणजे ज्या कृत्रिम गोडीची भीती घालून डबा विकला गेला, तशीच दुसरी कृत्रिम गोडी त्या डब्यातच होती, फक्त नावाऐवजी आकडा घालून.

मग त्यांनी कागद घेऊन हिशोब मांडला. स्टीवियाच्या पानातले गोड घटक साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. एका चमचा साखरेइतकी, म्हणजे ४ ग्रॅम साखरेची गोडी आणायला त्यांचे १५-२० मिलिग्रॅम पुरतात. चिमटीत धरायला गेले तर धरताही येणार नाही इतके. उरलेला सगळा चमचा भरायला काहीतरी लागतेच, आणि ते काहीतरी काय आहे यावरच सगळे अवलंबून असते. स्टीवियाचे म्हणून मिळणारे, साखरेसारखे दिसणारे चमचाभर काहीही हे बहुतांशी भर घातलेले असते, ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

शून्याचे कोडे उरले होते. पोषणाच्या कोष्टकात 'एका वेळचे प्रमाण: १ ग्रॅम' असे होते, त्यापुढे ऊर्जा शून्य, एकूण साखर शून्य. शंभर ग्रॅमचा रकाना नव्हताच. एक ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये सुमारे ४ कॅलरी असतात, आणि अमेरिकेसारख्या देशाच्या नियमांतही एका वेळच्या प्रमाणात ५ कॅलरींपेक्षा कमी ऊर्जा असेल तर शून्य छापता येते. 'साखर' या रकान्यात फक्त साध्या शर्करा मोजतात. माल्टोडेक्स्ट्रिन त्यात धरले जात नाही, ते वरच्या 'कर्बोदके' या ओळीत जाते, आणि तिथे प्रामाणिकपणे १ ग्रॅम लिहिलेले होते. घरी येऊन मी वजनकाट्यावर वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि डब्यातलाच चमचा सपाट भरून ओतला. आकडा चारवर स्थिरावला. पुन्हा केले, पुन्हा चार. हिशोब एका ग्रॅमचा आणि चमचा चार ग्रॅमचा. दिवसाचे आठ चमचे म्हणजे ३२ ग्रॅम, सव्वाशेच्या वर कॅलरी, आणि त्याही थेट ग्लुकोज होणाऱ्या.

आहारतज्ज्ञ बाईंना विचारून आणि आईच्याच आग्रहावरून एका सकाळी आम्ही खात्री करून घेतली. उपाशीपोटी तिची साखर १२२ होती. तीन चमचे पावडर पाण्यात ढवळून ती प्यायली आणि पाऊण तासाने ग्लुकोमीटरवर १७१ दिसले. दोन दिवसांनी तितकेच पाणी गोळ्या घालून घेतले, तेव्हा आकडा जवळपास जागचा हलला नाही. एका माणसावर एकदा केलेल्या चाचणीला शास्त्र म्हणत नाहीत हे मला कळते, पण आमच्यापुरता प्रश्न मिटला.

त्या गृहस्थांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतले. "ताई, सगळं मागे लिहिलेलंच आहे, वाचायला हवं होतं," एवढेच त्यांचे उत्तर. उघडलेला डबा परत घेत नाहीत, हेही कळले. मी डब्याच्या दोन्ही बाजूंची आणि वजनकाट्यावरच्या चमच्याची छायाचित्रे जोडून उत्पादकाकडे लेखी तक्रार पाठवली आहे. उत्तर आलेले नाही.

हे वाचून कुणी स्टीवियालाच वाईट ठरवू नये. शुद्ध अर्क किंवा त्याचे थेंब मधुमेहींना चालतात, आणि त्यांचीही मोजून ठरवलेली मर्यादा आहे: स्टीव्हिऑल या त्यातल्या मूळ घटकाच्या हिशोबाने दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम. मात्र तो अर्कही कारखान्यातच पाने भिजवून, गाळून, शुद्ध करून निघतो. झाडावरून थेट डब्यात काही पडत नाही. एरिथ्रिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा दुसरा पदार्थ फळांत सापडतो, पण डब्यात येणारे एरिथ्रिटॉल ग्लुकोज आंबवून बनवतात, आणि जास्त झाले तर पोट बिघडते. मध आणि नारळाची साखर 'नैसर्गिक' नक्कीच आहेत, पण ती रक्तात साखरच टाकतात. उलट सॅकरिन ही कृत्रिम गोडी १८७९ मध्ये डांबराच्या संयुगांवर काम करताना सापडली, उंदरांवरच्या प्रयोगांमुळे अमेरिकेत १९७७ पासून तिच्यावर कर्करोगाचा इशारा छापला जाई, आणि तो परिणाम माणसाला लागू नाही असे ठरल्यावर २००० मध्ये इशारा काढला गेला. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेविना गोडी आणणारे पदार्थ वापरू नयेत असा सल्ला दिला, तेव्हा त्या यादीत अ‍ॅस्पार्टेम आणि स्टीविया शेजारीशेजारी होते. आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, हेही त्यातच म्हटले होते. त्यामुळे मी आता पान की प्रयोगशाळा असे विचारत नाही. घटकांत पहिले नाव कोणते, एका वेळचे प्रमाण किती ग्रॅम आणि माझा चमचा किती ग्रॅमचा, एवढे पाहते. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) पहिले असेल तर डबा जागच्या जागी ठेवते.

आई पुन्हा गोळ्यांवर आली; दोनाऐवजी एक पुरते म्हणते. पुढच्या तपासणीत एचबीएवनसी ७.२ होते.

गेल्या आठवड्यात त्या गृहस्थांचा संदेश आला, मंकफ्रूट या गोड फळाची नवी पावडर आली आहे म्हणून, सोबत डब्याचा फोटो. मी मागच्या बाजूचा फोटो मागितला. त्यांनी पुन्हा पुढच्याच बाजूचा पाठवला, जरा जवळून काढलेला.