इंजिनखालचा ट्रे लोंबतोय: टाय मारावा, क्लिप घ्यावी की बोल्ट बसवावा?

गतिरोधकावरून उतरताना खालून खर्र आवाज येतो, वेग वाढला की फडफड होते, आणि वाकून पाहिलं तर इंजिनखालचा काळा प्लास्टिकचा ट्रे एका बाजूने लोंबत असतो. गोव्यात पावसाळ्यात हे हमखास होतं. साचलेल्या पाण्यातून गाडी जोरात गेली की पाण्याचा मार थेट ट्रेच्या कडेवर बसतो. त्यात तांबडा चिखल साचून वजन वाढतं. दुसरं कारण अगदी साधं: ऑइल बदलताना ट्रे उतरवला जातो आणि परत चढवताना दोन-तीन क्लिपा कमी लागतात.

उपाय निवडण्याआधी दोन गोष्टी बघा. कुठली कड सुटली आहे, आणि क्लिप गेली आहे की भोकच फाटलं आहे. मागची कड सुटली तर ट्रे रस्त्याला घासतो. हळू चालवत घरी जाता येतं. पुढची कड सुटली असेल तर मात्र थांबाच. समोरून येणारा वारा तिला खाली दाबतो, ट्रे दुमडून चाकाखाली गेला की चाकावरचं अस्तर आणि बंपरची खालची कडही ओढून नेतो. चोर्ला घाट चढायचा किंवा हायवेला लागायचं असेल तर अशा गाडीने निघूच नये.

गॅरेजात पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो, ‘काढून टाकू, काही बिघडत नाही.’ एखाद-दोन कोरड्या दिवसांपुरतं ते चालेल. पण जून ते सप्टेंबर इथल्या रस्त्यांवर हा ट्रे नसला की चाकांनी उडवलेलं पाणी आणि चिखल थेट बेल्टवर, अल्टरनेटरवर आणि वायरींच्या जोडांवर जातो. ओला बेल्ट किंचाळतो, घसरतो. काही गाड्यांत रेडिएटरकडे वारा वळवायचं कामही हाच ट्रे करतो. म्हणून कायमचा काढून टाकणं मला मान्य नाही.

केबल टाय हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. काळे, रुंद टाय घ्या. पांढरे उन्हात लवकर तडकतात. एका भोकात एकावर न थांबता दोन घाला आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा, कारण उष्णतेने नायलॉन मऊ पडतं. मात्र टाय ट्रेला घट्ट दाबून धरत नाही. ट्रे हलत राहतो आणि तोच टाय भोकाची कड हळूहळू कापतो. लोखंडी बाइंडिंग वायर तर आणखी लवकर कापते.

भोक शाबूत असेल तर नवी क्लिप हेच योग्य उत्तर. जुनी क्लिप दुकानात सोबत घेऊन जा, कारण भोकाचा व्यास आणि जाडी गाडीगणिक बदलते. बहुतेक क्लिपांचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग भोकात पूर्ण बसवायचा, मग मधली खीळ सपाट होईपर्यंत दाबायची. ती दबली की आतले पाय फाकतात आणि पकड येते. काढताना चिखल सुकलेला असेल तर आधी पाणी मारा. कणांनी अडकलेली खीळ स्क्रूड्रायव्हरने उचकटली की डोकं तुटतं, आणि चांगली क्लिप वाया जाते.

भोक फाटलं असेल तर क्लिप कितीही नवी असो, ती निसटणारच. इथे माझं मत ठाम आहे: ६ मिमीचा बोल्ट आणि रुंद वायसर. वायसर फाटलेल्या भागाच्या बाहेर, चांगल्या प्लास्टिकवर टेकला पाहिजे. वरच्या पत्र्यात नट नसेल तर पत्र्याच्या कडेवर सरकवून बसणारा स्पीड नट मिळतो. बोल्ट, वायसर स्टेनलेसचे घ्या, आट्यांना थोडं ग्रीस लावा. मोरजी-कळंगुटच्या खाऱ्या हवेत साधा बोल्ट गंजून जाम झाला की पुढच्या सर्व्हिसला तो कापूनच काढावा लागतो. वायसर प्लास्टिकला टेकला की थोडंसंच आवळा. जास्त दाबलं तर ट्रे तडकतो. लांब स्क्रू वर ठोकू नका, वर होजपाइप किंवा वायरी असू शकतात.

ट्रेला भेग असेल तर तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दोन बाजूंनी लावून बोल्ट करा. बरेच ट्रे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्याला साधा गोंद किंवा फेव्हीक्विक टिकत नाही. रिव्हेट मी टाळतो: ऑइल बदलताना दरवेळी ते ड्रिलने फोडावे लागतात. भोकं जागोजागी फाटली असतील आणि ट्रे वाकला असेल, तर नवा ट्रेच घ्यावा.

इंजिनखाली लावायच्या लोखंडी गार्डचा मोह चिऱ्यांच्या कच्च्या रस्त्यावर राहणाऱ्यांना होतो, आणि सत्तरी तालुक्यातल्या आतल्या वाडीत रोज जाणाऱ्याला तो खरंच उपयोगी पडतो. ऑइलच्या चेंबरला दगडाचा मार बसत नाही. पण वजन वाढतं, जमिनीपासूनची उंची थोडी कमी होते, गंज धरतो, आणि ऑइल सोडायला भोक नसलेला गार्ड दर सर्व्हिसला उतरवावा लागतो. शहरातल्या गाडीला त्याची गरज नाही.

काम घरी करणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड द्या आणि सायलेन्सर गार होऊ द्या. ट्रे बसवून झाला की चारही कोपरे हाताने खाली ओढून बघा, आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा बोल्ट तपासा.