जुना संगणक उठत नाही: पुन्हा विंडोज, लिनक्स, की आधी फक्त सेल बदलायचा?

गेल्या दिवाळीत एकाच आठवड्यात दोन मशीन माझ्याकडे आली. एक साताऱ्याच्या आत्याचा लॅपटॉप. २०१३ सालचा, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. दुसरा मामाच्या मिरजेतल्या डीटीपीच्या दुकानातला असेंबल केलेला डेस्कटॉप, त्याहूनही जुना. दोन्ही सुरू होत नव्हते आणि दोघांनाही बाहेर एकच सल्ला मिळाला होता, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून घ्या." शेवटी झालं असं की आत्याच्या मशीनवर विंडोज राहिलं नाही आणि मामाच्या मशीनला फॉरमॅट मारावाच लागला नाही. तुमच्या घरी असंच एखादं मशीन पडून असेल आणि काय करावं ते ठरत नसेल, तर या दोघांच्या वाटा शेजारी ठेवून बघा.

फॉरमॅटआधीची दहा मिनिटं

मामाचा डेस्कटॉप चालू केला की बोर्डाचा लोगो यायचा, मग 'पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा', मग क्षणभर विंडोज, मग निळा पडदा, की पुन्हा पहिल्यापासून. बायोस (संगणक चालू होताना आधी जागा होणारा बोर्डातला प्रोग्रॅम) उघडलं तर तारीख १ जानेवारी २०१०. म्हणजे बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला. हा सेल गेला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. डिस्कशी बोलण्याच्या पद्धती दोन, जुनी 'आयडीई' आणि नवी 'एएचसीआय'. मामाच्या बोर्डाची मूळ सेटिंग 'आयडीई' होती आणि विंडोज टाकलेलं होतं 'एएचसीआय'वर. त्यामुळे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना. घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, तारीख लावली, मोड परत एएचसीआय केला. पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) उघडलं आणि मामाने पहिलं काम काय केलं, तर अडकलेली लग्नपत्रिका प्रिंटला टाकली.

फॉरमॅट मारला असता तरी ते मशीन चालू झालंच असतं. फक्त फाँट, पत्रिकांचे साचे आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची मांडणी त्यात गेली असती. म्हणून आधी पडद्यावर काय लिहून येतंय ते नीट वाचा, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पडदा काळा आणि नुसत्या बीप येत असतील, तर संशय रॅमवर. वीज बंद करून, लॅपटॉपची बॅटरी काढून, रॅमची पट्टी बाहेर घ्यायची, सोनेरी दातांवरून साधं खोडरबर फिरवायचं, भुगा झटकायचा आणि पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायची. हा उपाय गावठी वाटतो, पण लागू पडतो. 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं, तर बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. नाव नसेल तर केबल तरी सैल आहे किंवा डिस्क तरी गेली, आणि तिथे कुठलीही सिस्टीम टाकून उपयोग नाही. आणि हो, मागे एखादा पेन ड्राइव्ह खुपसलेला राहिला नाही ना, तेही बघा. हसू नका, मी स्वतः त्यात अर्धा तास घालवलाय.

आत्याचा लॅपटॉप: डिस्कच म्हातारी

आत्याच्या पडद्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची तयारी चालू असल्याचं यायचं आणि तिथेच गोल गोल फिरत राहायचं. लॅपटॉप कानाशी धरला तर आतून टिक, थोडं थांबून पुन्हा टिक. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टीम) तयार करून आणलं होतं. ते डिस्कवर न टाकता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालवता येतं. त्यातलं 'डिस्क्स' नावाचं साधन उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहिला. वाचता न येणाऱ्या, बदलीच्या रांगेत थांबलेल्या सेक्टरांचा आकडा शंभराच्या पुढे. निकाल तिथेच लागला. अशा डिस्कवर नवीन विंडोज टाकणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं.

आधी सामान बाहेर काढलं. त्याच मिंटमधून आत्याचा अख्खा 'यूजर्स' फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला. विंडोज अर्धवट बंद झालेलं असेल तर लिनक्स तो भाग फक्त वाचण्यापुरता उघडतं, पण कॉपी करायला तेवढं पुरतं. आधी फोटो आणि कागदपत्रं घ्यायची, मग बाकीचं. मरणाऱ्या डिस्ककडून किती वेळ काम मिळेल ते सांगता येत नाही. विंडोज १० आल्यानंतरच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते. तिथे आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची रिकव्हरी की शोधावी लागते.

नंतर जुन्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवली. तेच खाचे, तेच स्क्रू. दुकानात नुसतं 'एसएसडी द्या' म्हणू नका. हल्लीची लांबट एनव्हीएमई पट्टी या वयाच्या लॅपटॉपमध्ये बसत नाही. पुढची सगळी तुलना एसएसडी गृहीत धरून आहे. फिरत्या डिस्कवर विंडोज १०, विंडोज ११, क्रोम ओएस फ्लेक्स आणि मिंट या चार पर्यायांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही, सगळेच रडवतात.

पुन्हा विंडोज १०

याच्या बाजूने एकच गोष्ट आहे, पण ती वजनदार आहे: सगळं ओळखीचं राहतं. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, सी-डॅकचं आयएसएम (भारतीय भाषा टाइप करायचं सॉफ्टवेअर), श्रीलिपी, कोरल ड्रॉ हे सगळं इथेच सुखाने चालतं. लायसन्सचं लोकांना वाटतं तेवढं अवघडही नसतं. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये लायसन्सची की (प्रॉडक्ट की) बायोसमध्येच लिहिलेली असते आणि एकदा ॲक्टिव्हेट झालेलं विंडोज १० त्या मदरबोर्डाशी कायमचं जोडलेलं असतं. टाकताना 'माझ्याकडे की नाही' असं निवडायचं, नेटला जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मेख एवढीच की आवृत्ती मूळचीच हवी. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर 'होम सिंगल लँग्वेज' येत असे. दुकानात सवयीने 'प्रो' टाकतात, ते ॲक्टिव्हेट होत नाही, मग लायसन्स चुकवणारा कुठला तरी ॲक्टिव्हेटर चालवतात. त्या ॲक्टिव्हेटरसोबत आणखी काय येतं ते कोणी तपासत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं, तिथे मी हे कधीच करणार नाही. विंडोज ७ च्या स्टिकरवरच्या किंवा विंडोज ८ च्या कीने विंडोज १० ॲक्टिव्हेट होण्याचा भरवसाही धरू नका, ती वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली.

विरोधातली गोष्ट म्हणजे मुदत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा-अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची, २२-एच-२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक ठेवल्या तर वेगळे पैसे पडत नाहीत.

डिस्क चांगली असेल आणि नुसतं विंडोजच बिघडलं असेल, तर 'रीसेट धिस पीसी' मधलं 'माझ्या फाइल्स ठेवा' आधी करून बघा. प्रोग्रॅम जातात, फोटो राहतात.

जबरदस्तीने विंडोज ११

हे थोडक्यात आटोपतो, कारण माझं मत नाही असंच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. रुफस या फुकट सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्ह बनवताना या अटी गाळता येतात आणि तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीवर ते खरोखर चालूही होतं. पण दरवर्षीचं मोठं अपडेट अशा मशीनला आपणहून येत नाही, ते पुन्हा हातानेच करावं लागतं. ४ जीबी रॅमवर ब्राउझर उघडला की मशीन धापा टाकू लागतं. त्याहून जुन्या कोअर-टू-ड्युओवर तर विंडोज ११ च्या २४-एच-२ आवृत्तीपासून ते उठतच नाही, कारण विंडोजला लागणारी एक आतली आज्ञाच त्या प्रोसेसरला समजत नाही. स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून करा. दोनशे किलोमीटरवरच्या नातेवाइकाच्या मशीनवर केलंत, तर दर अपडेटला फोन तुम्हालाच.

क्रोम ओएस फ्लेक्स की मिंट

आत्यासाठी खरी लढत या दोघांत होती. तिला काय लागतं? मेल, यूट्यूब, परदेशातल्या मुलाशी व्हिडिओ कॉल, बँक, मंडळाच्या भिशीचा हिशेब आणि मराठीत चार पत्रं.

फ्लेक्स गुगलचं, फुकट, ब्राउझरभोवतीच बांधलेली सिस्टीम. ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा एवढीच मागणी. अपडेट आपणहून होतात आणि बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. ज्याचा संगणक म्हणजे ब्राउझरच, त्याला याहून सोपं काही मिळणार नाही. पण मोबाइलवरची ॲप इथे येत नाहीत, प्ले स्टोअर नाही. गुगलची तपासलेल्या मॉडेलांची यादी आहे, तिच्यात आपलं मॉडेल आहे का आणि त्याचा पाठिंबा कोणत्या सालापर्यंत आहे ते आधी बघावं. आणि सगळं गुगल खात्यावर टांगलेलं. आत्या पासवर्ड विसरण्यात पटाईत, तेव्हा इथेच माझं मन मागे आलं.

मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. किमान २ जीबी रॅम चालते, ४ जीबी असली तर बरं. मी एक्सएफसीई आवृत्ती घेतली, ती हलकी. खाली डावीकडे मेन्यू, खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ. त्यामुळे आत्याला घर बदलल्यासारखं झालं नाही. हिशेबाच्या एक्सेल फाइल लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, फक्त दोन रकान्यांची रुंदी सरकली होती. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) आहे आणि 'कगप' नावाची फोनेटिक, म्हणजे उच्चारानुसार चालणारी मांडणीही आहे. कगपमध्ये 'k'चं बटण दाबलं की 'क' येतो, इन्स्क्रिप्ट न शिकलेल्यांना ती बरी पडते.

त्रास झालाच नाही असं नाही. पहिल्या दिवशी वायफाय दिसेना. ब्रॉडकॉम चिपच्या जुन्या लॅपटॉपांत हे ठरलेलं आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला, रीस्टार्ट केलं, झालं. पण हे मी शेजारी बसलो होतो म्हणून झालं, आत्या एकटी असती तर तिने लॅपटॉप मिटून ठेवला असता. तेव्हा मिंट टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर या चार गोष्टी तपासा. प्रिंटरवर विशेष लक्ष ठेवा. आपल्याकडे जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं किचकट आहे. तुमचं रोजचं काम त्यावरच असेल, तर निर्णय तिथेच विंडोजच्या बाजूला झुकतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र सरळ चालतात.

पेन ड्राइव्ह बूट मेन्यूत दिसतच नसेल तर तो वाईट आहे असं लगेच समजू नका. जुन्या मशीनमध्ये 'लेगसी' आणि 'यूईएफआय' असे दोन मोड असतात, पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने बनवला तोच मोड बायोसमध्ये हवा. बूट मेन्यूची कळ डेलमध्ये एफ-१२, एचपीत एफ-९. काही लेनोव्होंच्या कडेला तर टाचणीने दाबायचं बारीक बटण असतं.

मशीन फक्त ३२ बिटचं असेल, म्हणजे जुनं ॲटम नेटबुक वगैरे, तर मिंट विसरा. डेबियन १२ (दुसरं एक लिनक्स) चालेल. पण खरं सांगायचं तर एसएसडीचे पैसे तिथे घालू नका.

मग मामाचं काय?

मामाला मी मिंटचा 'म'सुद्धा सुचवला नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ सालची. मामाचा सगळा धंदा त्या फाइलींवर चालतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरपद्धत, नाही. फाँट लिनक्सवर टाकला तर तो मजकूर दिसेल, पण त्याच कीबोर्डने पुढे टाइप कसं करणार? तिथे विंडोज १० च ठेवलं आणि लॅन केबल काढून टाकली. मेलवर आलेला मजकूर तो मोबाइलवर बघतो आणि पेन ड्राइव्हने आणतो. सगळे साचे आणि फाँट फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर घेतलेत, ती डिस्क दुकानात नाही, घरी असते. सेल मात्र दोन आणून ठेवायला सांगितले.

आत्याची आतापर्यंत एकच तक्रार आली. फोनवर म्हणाली, "सगळं छान आहे रे, पण माझा पत्त्यांचा डाव गेला की!" सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयलरायट' नावाचा पत्त्यांचा खेळ कसा घ्यायचा ते फोनवरच सांगितलं. त्यात स्पायडर आहे.