आल्प्स की सेवेन? ग्रुपने बाईकवर फ्रान्सला जाणार असाल तर

फ्रान्समध्ये बाईकवर फिरायचं म्हटलं की सगळे एकच नाव घेतात: रूत दे ग्रांद आल्प. जिनिव्हा सरोवराकाठच्या तोनोंपासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत, साधारण 700 किलोमीटर, घाटामागून घाट. आम्ही सहा जण श्टुटगार्टहून तिथे गेलो ते जुलैत. पुढच्या वर्षी जूनमध्ये दक्षिणेकडच्या सेवेन डोंगरात गेलो.

देखाव्यात आल्प्सला तोड नाही, हे आधीच कबूल. इझेरांचा घाट 2,700 मीटरच्याही वर जातो. आयुष्यात एकदाच जाणं होणार असेल, तर मी आडवा येणार नाही.

पण ग्रुप म्हणून विचाराल तर मन कचरतं. जुलैत त्या घाटांत सायकलवाले आणि कॅम्परव्हॅन यांची रीघ असते. पुढचा एक व्हॅन ओलांडतो, त्याच्यामागे दोघे निघतात, उरलेले तिघे अडकतात. मग गाठायची घाई, आणि वळणावर घाई म्हणजे जिवाशी खेळ. गालिबिएच्या घाटात माथ्याच्या जरा अलीकडे रस्ता फुटतो: एक वर खिंडीत, दुसरा बोगद्यात. बोगदा अरुंद, सिग्नलवर एकेक बाजू सोडतात. आम्ही चौघे वर पोचलो. मागच्या दोघांना सिग्नल हिरवा दिसला आणि ते बोगद्यातून पलीकडे उतरले. 2,642 मीटरवर, बोचऱ्या वाऱ्यात, आम्ही पाऊण तास फोन लावत होतो. त्या वेळी मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. माझा कौल तिथेच ठरला.

सेवेनला तार्नच्या दरीत सँत-एनिमी ते ल रोझिए हा रस्ता नदीला धरून, कड्याखालून, कातळ फोडून काढलेल्या छोट्या बोगद्यांतून जातो. तिथून वर कोस मेजाँच्या पठारावर चढलं की नुसतं गवत, दगड आणि मेंढ्या. मी पुढे होतो. आरशात पाचही हेडलाइट मागे सलग दिसत होते. दर वळणानंतर ते पाच मोजायचे आणि निवांत पुढे जायचं, हे सुख मला आल्प्समध्ये एकदाही मिळालं नाही. एखाद्या गाडीवाल्याने बाजूला होऊन वाट दिली की तिथल्या बाईकवाल्यांसारखा उजवा पाय जरा बाहेर काढून आभार मानायचे. दोन दिवसांत आम्हा सगळ्यांना ती सवय लागली.

उणिवा आहेतच. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की पुढे सुटी खडी समजा. शरदात भूमध्याकडून येणारा पाऊस तिथे अक्षरशः कोसळतो, म्हणून माझ्या मते जूनच बरा. रविवारी बऱ्याच पंपांवर माणूस नसतो आणि यंत्र आपलं कार्ड घेईलच असं नाही. शनिवारी संध्याकाळीच सगळ्या टाक्या भरून घ्या. जेवायला साडेबारालाच थांबा, कारण दोननंतर स्वयंपाकघर बंद. आणि मिळालं तर अलिगो मागवा: बटाटा, चीज आणि लसूण एकत्र घोटलेला, चमचा उचलला की हातभर तार निघते.